लहान घर, नेटका संसार

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पुराने पुण्यातील हजारो कुटुंबे बेघर झाली. त्यांपैकी अनेकांनी गोखलेनगरसारख्या नव्या वसाहतींतील लहान घरांत पुन्हा संसार मांडला.

जागा थोडी असली, तर एकाच खोलीला अनेक रूपे घ्यावी लागतात. सकाळी अंथरुणांच्या वळकट्या भिंतीशी रचल्या, की बैठक तयार होते. पाट मांडले, की तेच जेवणघर. पाट उचलून जमीन पुसली, की तीच अभ्यासाची जागा. ट्रंकेवर सतरंजी घातली, की पाहुण्यास आसन मिळते. कपड्यांना खुंटी आणि डब्यांना फळी असावी.

मुलांनो, लहान घरात एकाने पसारा केला, तर साऱ्यांचीच जागा जाते. म्हणून घेतलेली वस्तू जागच्या जागी ठेवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य होय.