सौताड्याची सहल आखताना

लाव्हारसाने घडलेली भूमी पाहायला दूरच्या बेटावर कशाला जायचे? बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून दरीत कोसळते. तो काळा खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचाच. अशा थराचा गाभा घट्ट, तर माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र व ठिसूळ असतो. घट्ट थराखालचा ठिसूळ थर पाण्याने आधी झिजतो आणि वरचा खडक बिनआधाराचा पुढे राहतो. धबधबा उभा कोसळतो तो यामुळे. पण पायाखाली पोकळी आहे की नाही, हे काठावरून कळत नाही. म्हणून शिक्षकांनी रांग काठापासून दूर थांबवून समोरच्या कड्यावरचे थर दाखवावेत. रामेश्वराच्या मंदिराकडे दरीत सकाळीच उतरावे. वरच्या बाजूस पाऊस चालू असेल तर मुले कितीही हिरमुसली तरी उतरू नये.