बॅरलखालची बादली

अगं, परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, एकजण शेडवर येऊन गेला, दहा हजारांत झेडचं सर्टिफिकेट काढून देतो म्हणतोय, काढू का?" तेव्हा माझ्या कानाशी रेक्टिफायर घरघरत होता, धड बोलणं झालं नाही. आज निवांत बसले आहे, म्हणून सगळं सांगते.

त्याला एक रुपयाही देऊ नकोस. तुझी उद्यम नोंदणी तुझ्याच नावावर आहे ना? मग बाईच्या मालकीच्या छोट्या उद्योगाला झेडच्या प्रमाणपत्राची पूर्ण फी माफ आहे. ब्राँझची फी १० हजार, सिल्व्हरची ४०, गोल्डची ९० हजार. बाकीच्यांना त्यात सूक्ष्म उद्योग असेल तर ८० टक्के, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत मिळते. तुला काहीच भरायचं नाही. पोर्टलवर जा, आधी झेडची शपथ घे, मग अर्ज कर. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी एकदा नीट वाचून घे. नाही जमलं तर रविवारी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे ये, दाजी चहा करतील, आपण दोघी बसून भरू.

आता खरी गोष्ट. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने ही योजना २०१६ मध्ये आणली आणि २८ एप्रिल २०२२ ला नव्या रूपात सुरू केली. झेड म्हणजे झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट. मालात खोट नको आणि तो बनवताना माती-पाण्याला इजा नको. यातलं पहिलं आपल्याला गिऱ्हाईकच शिकवतं, कारण माल रिजेक्ट होऊन परत आला की झोप उडते. दुसरं शिकवायला कुणी येत नाही. ब्राँझचे पाच विषय आहेत: नेतृत्व, स्वच्छ जागा, कामगारांची सुरक्षा, वेळेवर डिलिव्हरी आणि गुणवत्ता. सगळे चांगलेच आहेत, पण पर्यावरण त्यात नाही. ते पुढच्या पायऱ्यांवर येतं. गोल्डपर्यंत विषय वीस होतात. म्हणून तुला बजावून सांगते, ब्राँझची फ्रेम भिंतीवर लावून थांबू नकोस. आपलं काम प्लेटिंगचं. आपल्यासाठी महत्त्वाचं जे आहे ते पुढेच आहे.

मला हे कळायला २०१६ चा उन्हाळा यावा लागला. आठवतंय ना, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेत होते. त्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं बिअर आणि दारूच्या कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यावर आणलं, नंतर कपात ६० टक्क्यांवर नेली. बाकीच्या उद्योगांच्या पाण्यालाही कात्री लागली. आमच्या शेडवर टँकर यायचा, आणि त्याची वाट बघत दोन-दोन तास लाइन बंद. एके दुपारी अशीच लाइन सुरू झाली आणि मी पहिल्यांदा बॅरलजवळ उभी राहून नुसतं बघत राहिले. हेल्परनं बॅरल टाकीतून वर घेतलं आणि थेट धुण्याच्या टाकीकडे वळवलं. वाटेत फरशीवर धार. मी पुढच्या खेपेला त्याला थांबायला लावलं आणि खाली बादली धरली. पंधरा सेकंद. पाणी बोल्ट-नटांमधून आधी धारेनं, मग थेंबाथेंबानं निथळत राहिलं. मगभर भरलं असेल. ते जस्ताचं, आपण पैसे मोजून बनवलेलं द्रावण होतं. दिवसाला किती खेपा होतात हे मी मनात गुणलं आणि माझे हातपाय गार पडले. इतकी वर्षं आम्ही ते आधी फरशीवर सांडत होतो, मग धुण्याच्या पाण्यात मिसळत होतो, आणि मग तेच पाणी शुद्ध करायला चुना नि केमिकल विकत आणत होतो.

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला: बॅरल टाकीवरच पंधरा सेकंद थांबवायचं, मग पुढे. पैसा लागला नाही. हेल्पर कंटाळायचा, म्हणून त्याला भिंतीवर मोठ्या काट्याचं घड्याळ लावून दिलं.

धुण्याचंही तसंच. आई ७२ च्या दुष्काळातलं सांगायची ते आठव. भांडी विसळायला तीन पातेली मांडायची, स्वच्छ पाणी फक्त शेवटच्यात, आणि ते जरा गढूळ झालं की ते अलीकडच्या पातेल्यात, तिथलं पहिल्यात. टाक्या तशाच पायऱ्यांनी लावायच्या. ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडायचं, ते ओसंडून उलट्या दिशेनं पहिल्या टाकीकडे येतं, आणि माल त्याच्या समोरून पुढे जातो. पाणी निम्म्याहून कमी लागतं. मी हे इंजिनिअरकडून शिकले, पण आईचं ऐकलं असतं तर दहा वर्षं आधी शिकले असते.

आणि पिवळं पॅसिव्हेशन आता तरी बंद कर. गिऱ्हाईक स्वस्तात मागतं, मला माहीत आहे. पण त्यातला सहा संयुजेचा क्रोमियम कॅन्सर करतो. गाड्यांच्या भागांत त्यावर युरोपनं २००७ पासून बंधन घातलंय. तीन संयुजेचा क्रोम वापर. तो बदल होईपर्यंत क्रोमचं पाणी वेगळ्या टाकीत ठेव, जस्ताच्या पाण्यात कधीही मिसळू देऊ नकोस. आधी आम्लात मेटाबायसल्फाइटनं त्याचं विष मोडायचं, मग चुना टाकून गाळ बसवायचा. क्रम चुकला तर पाणी दिसायला नितळ दिसतं आणि क्रोम तसाच वाहून जातो.

कुठे जातो, तेही सांगते. आपल्या वाळूजचे नाले खाम नदीकडे उतरतात. खाम जटवाड्याच्या डोंगरातून येते, पाणचक्कीजवळून वाहते आणि नाथसागराला मिळते. आपल्या घरी आठवड्यानं येणारं नळाचं पाणी त्याच नाथसागराचं. महापालिका, छावणी परिषद आणि कंपन्या मिळून खाम स्वच्छ करायला लागल्या, ते काम जगातल्या शहरांच्या एका मोठ्या पुरस्काराच्या अंतिम पाचांत पोहोचलं, याचा मला फार आनंद झाला. पण नदीकाठी झाडं लावणारे हात आपल्या शेडमध्ये येऊन वॉल्व्ह बंद करणार नाहीत.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची कागदपत्रं मात्र चोख ठेव. त्यांच्या लेखी प्लेटिंग लाल वर्गात. स्लज ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, गाडी भरताना फॉर्म १० ची प्रत हातात घ्यायची, वार्षिक फॉर्म ४ जूनअखेर भरायचा. पहिल्या वर्षी मी न वाचता सह्या केल्या होत्या. आता गाडीचं वजन स्वतः लिहून घेते.

तू म्हणशील, ताई, बिडकीन-शेंद्र्याला ऑरिकच्या औद्योगिक वसाहतीत सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायची सोय आराखड्यातच आहे, आपण इथे का झिजायचं? खरंय. वाळूज वेगळ्या काळात वाढलं. १९८५ ला बजाजचा कारखाना आला आणि मागोमाग आपल्यासारख्या छोट्या शेडांची रांग लागली. तेव्हा पाण्याचा विचार कुणाच्या मनात नव्हता. पण आपण हललो नाही म्हणून गिऱ्हाईक थांबत नाही. मोठ्या कंपन्यांना सेबीकडे पर्यावरणाचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून त्या तुझं वीज-पाणी विचारतात. युरोपात पाठवायच्या पोलादी नट-बोल्टांवर १ जानेवारी २०२६ पासून कार्बनचा करही लागू झालाय. दरमहा मीटरचे आकडे वहीत लिहीत जा. सिल्व्हरच्या वेळी तीच वही लागेल.

सोमवारी पहिल्या पाळीला मी तुझ्याकडे येते. बॅरलखाली आपण दोघी उभ्या राहू. एक पांढरी बादली आणून ठेव, रंगीत नको; रंगीत बादलीत पाण्याचा रंग कळत नाही.