दुरून आलेला स्वर

मुंबईतील नाना चौकात राहणाऱ्या, जेमतेम वीस वर्षांच्या लता मंगेशकर यांना १९४९ च्या 'महल' चित्रपटासाठी एक गीत गावयाचे होते. संगीतकार होते खेमचंद प्रकाश. गाणारी स्त्री दुरून जवळ येत आहे, असा भास हवा होता. आज तो यंत्राची कळ फिरवूनही साधतो. तेव्हा उपाय गायिकेच्या पायांत होता! मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला. लताबाई कोपऱ्यातून गात गात हळूहळू त्याच्याकडे चालू लागल्या. दूरच्या स्वराबरोबर भिंतींवरून परतणारा नादही यंत्रात शिरतो, म्हणून तो अस्पष्ट वाटतो. जवळचा स्वर ठसठशीत उमटतो. मात्र मुखडा येताच त्यांनी नेमके मायक्रोफोनपाशी पोहोचावयास हवे होते. त्या काळी गायन व वादन एकदमच मुद्रित होई. पाऊल चुकले, की साऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ!