घरगुती पाळणाघर आणि घराचा विमा

नोकरी करणाऱ्या आईबापांची मुले दिवसभर सांभाळण्याचे काम अनेक गृहिणी आपल्या राहत्या घरात करतात. भांडवल थोडे लागते, जागा घरचीच असते आणि मुलेही बहुधा ओळखीच्या कुटुंबांतील असतात. त्यामुळे आपण व्यवसाय करीत आहोत, ही जाणीवच पुष्कळदा होत नाही. विम्याच्या बाबतीत हाच समज नडतो.

दिनांक 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी देऊ लागल्या. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल इत्यादींमुळे घराचे व सामानाचे होणारे नुकसान तीतून भरून मिळते. इमारतीचा विमा उतरविला की त्या रकमेच्या 20 टक्के, परंतु जास्तीत जास्त 10 लाख रुपये, इतके संरक्षण घरगुती सामानाला वेगळी यादी न देताही मिळते. भाडेकरूस केवळ सामानाचा विमा घेता येतो.

मात्र ही पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. घराच्या वापरात बदल झाल्यास तो कंपनीस कळविणे विमाधारकाचे काम होय. हा विमा एकदम 10 वर्षांपर्यंत घेता येतो, आणि खरी अडचण येथेच आहे. गृहकर्जाच्या वेळी उतरविलेली पॉलिसी कपाटात पडून असते. चारपाच वर्षांनी पाळणाघर सुरू होते, तेव्हा तिची आठवण कोणास राहणार? विम्याचा करार परस्परांवरील पूर्ण विश्वासावर उभा असतो. प्रस्तावात महत्त्वाची वस्तुस्थिती दडविल्यास कंपनी दावा नाकारू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये आरोग्यविम्याच्या एका प्रकरणात दिला आहे.

हे झाले घराविषयी. मुलांचे काय? चहाचे आधण अंगावर सांडून मूल भाजले, न्हाणीघरात पाय घसरून हात मोडला, तर गृहविम्यातून त्या मुलाच्या उपचारासाठी काहीच मिळत नाही. या पॉलिसीत अपघाती मृत्यूचे वैकल्पिक संरक्षण आहे खरे, पण ते विमाधारक व त्याची पत्नी किंवा तिचा पती यांच्यापुरते. काही कंपन्यांच्या गृहस्थ विम्यात त्रयस्थाच्या इजेची जबाबदारी समाविष्ट असते. तेथेही ती सामान्यतः खाजगी जीवनापुरती असते, व्यवसायातून उद्भवणारी वगळलेली असते. यासाठी सार्वजनिक दायित्व विमा स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. याच नावाशी मिळताजुळता 1991 चा कायदा घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे. त्याचा पाळणाघराशी संबंध नाही. दोहोंची गल्लत शिकलेली माणसेही करतात.

'इजा झाल्यास आमची तक्रार राहणार नाही' असे पालकांकडून लिहून घेण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. अशा कागदाने निष्काळजीपणाची जबाबदारी संपते, असे मानणे धोक्याचे आहे.

पाळणाघर सुरू करण्यापूर्वीच कंपनीस साधे पत्र द्यावे. मुले किती, वयोगट कोणता, वेळ कोणती, मदतनीस आहे काय आणि स्वयंपाकाचा गॅस मुलांच्या वावरण्याच्या जागेपासून कोठे आहे, हे त्यात नमूद करावे. पाळणे, खेळणी व गाद्या घरगुती सामानात धरल्या जातील काय, हेही विचारावे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी संस्थेची लेखी संमतीही घ्यावी. विमा प्रतिनिधीने तोंडी 'चालेल' म्हटल्यावर थांबू नये. पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी आणि पत्राची पोचशिक्क्याची प्रत पॉलिसीसोबतच ठेवावी. असे पत्र लिहिण्यास अनेक भगिनी बिचकतात. गावातील शिक्षकांनी वा पंचायत सदस्यांनी अर्धा तास दिला, तर ते सहज लिहून होईल.