मोटारीचा फुटका सायलेन्सर : दुरुस्ती की बदल?

आमच्या सभासद बंधूंपैकी बहुतेकांच्या दारी आज मोटार उभी असते. तिचे इंजिन, टायर, बॅटरी यांची विचारपूस आपण वेळोवेळी करतो. परंतु गाडीच्या पोटाखालून पुढून मागपर्यंत गेलेल्या धुराच्या नळीकडे, जिला सारेच सरसकट सायलेन्सर म्हणतात, ती फुटून फटफट आवाज करू लागेपर्यंत कोणाचेही लक्ष जात नाही. मग घाईने गॅरेज गाठावे, मिस्त्रीने सांगितलेला आकडा ऐकून कपाळाला हात लावावा व निमूटपणे तो मोजावा, हा क्रम ठरलेला. पेढीवर पैपैचा हिशेब ठेवणारा मनुष्यही या बाबतीत डोळे मिटून पैसे देतो, याचे कारण गाडीखाली काय आहे ते त्याला ठाऊक नसते. ती ओळख थोडीफार व्हावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ही नळी कुजते कशाने ते पाहू. बाहेरून चिखलपाणी लागून ती गंजते हे खरे, आणि बेळगावचा पाऊस व गोव्याची खारी हवा यांचा त्यात वाटा आहेच; पण पुष्कळदा गंजाचे मूळ आतच असते. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी लांब पल्ला चालली की सारी नळी तापते व ही वाफ मागील तोंडाने निघून जाते. परंतु घरापासून पेठेपर्यंत आणि पेठेतून परत घरी, एवढीच जिची रोजची चाल, त्या गाडीची नळी पुरती तापतच नाही. वाफ आतल्या आत थंड होऊन मागील डब्यात पाणी साचते, त्यात धुरातील आम्ल मिसळते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणजे गाडी कमी चालली म्हणून व्यापाऱ्याने समाधान मानावे, तर नळीच्या दृष्टीने तोच तोटा ठरतो. सकाळी गाडी सुरू करताच मागून थेंब थेंब पाणी गळते ते पाहून कित्येकजण घाबरतात. तो बिघाड नव्हे. हेच ते पाणी होय.

खर्चाचा विचार करण्यापूर्वी जिवाची गोष्ट सांगणे अवश्य आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही सहकुटुंब स्तवनिधीस दर्शनास गेलो होतो. परतताना सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवणे उरकावीत या विचाराने कोठे न थांबता निघालो. पाऊस असल्याने काचा बंद. मागे बसलेली मुले लवकरच पेंगू लागली, आणि आमच्या सौभाग्यवतींचे डोके दुखून त्यांना मळमळू लागले. उन्हातान्हाची दगदग व रिकामे पोट, असे आम्हांस वाटले. गाडीचा आवाज चार दिवसांपासून थोडा जाड झाला होता. त्याचा याच्याशी संबंध असेल हे डोक्यातही आले नाही. संकेश्वरच्या पुढे गाडी उभी करून चारी दारे उघडली, तेव्हा थोड्या वेळाने सर्वांना बरे वाटू लागले. दुसऱ्या दिवशी गाडी वर उचलून पाहिली, तो मागील आसनाच्या बरोबर खाली नळीस करंगळी जाईल एवढे भोक, आणि तेथेच गाडीच्या तळाचे एक रबरी बूच निखळलेले.

धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे प्रवासातील साध्या थकव्यासारखीच असल्यामुळे ती ओळखू येत नाहीत. यास्तव फुटका सायलेन्सर "चालतंय तोवर चालू द्या" म्हणून ठेवण्याची वस्तू नव्हे. काटकसर करावयाची ती दुरुस्तीच्या रीतीत करावी, दुरुस्ती टाळण्यात नव्हे.

आता मूळ मुद्दा. आम्ही गाडी प्रथम शहरातील एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. समोर इंजिनाचा दिवाही लागला होता. तेथे पाच मिनिटे पाहून निर्णय मिळाला, की पुढील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपासून मागच्या तोंडापर्यंत सगळी लाइन बदलावी लागेल. कन्व्हर्टर हा या नळीतील सर्वांत महाग भाग. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो, आणि धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करण्याचे काम तो करतो. तो खरोखर निकामी झाला असेल तर बदलावाच लागतो. पण येथे एक खुबी आहे. इंजिनाजवळ नळीवर प्राणवायूचे प्रमाण मोजणारा एक सेन्सर बसविलेला असतो. त्याच्या अलीकडे कोठे जोडाचे गास्केट फुटले, तर धुराच्या लाटांबरोबर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटते, इंधन कमी पडत आहे. मग इंजिन अधिक पेट्रोल ओतते, मायलेज घटते व दिवा लागतो. दोष थोडक्या पैशांच्या गास्केटचा, आणि ठपका कन्व्हर्टरवर! आमच्या गाडीत नेमके हेच झाले होते. भोक मागे एक व गळती पुढे एक, असे दोन निराळे रोग होते. पेठेतील एका जुन्या मिस्त्रींनी ते अर्ध्या तासात शोधून काढले.

त्यांची रीत कोणालाही समजण्यासारखी आहे. गाडी उघड्या जागी, रात्रभर थंड झालेली असावी; बंद शेडमध्ये हा प्रयोग कदापि करू नये. एकाने इंजिन सुरू करावयाचे, दुसऱ्याने जाड फडके मागच्या तोंडावर क्षणभर धरावयाचे. आतला दाब वाढून जेथे गळती असेल तेथून फुसफुस ऐकू येते. गळतीच्या जागी बहुधा काळी काजळीही धरलेली असते. थंड इंजिनावर पुढून टिकटिक आवाज येऊन तापल्यावर तो कमी होत असेल, तर संशय मॅनिफोल्डच्या गास्केटवर घ्यावा. मग इंजिन बंद करून, गाडी रॅम्पवर घेऊन, लाकडी मुठीने नळी ठोकत जावे. पूर्वी बंदा रुपया वाजवून घेत तसेच हे आहे: चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही शिरू नये, मग तो कितीही अनुभवी असो.

दोष सापडला की खर्चाचा अंदाज आपोआप येतो. नळी ज्या रबरांवर लोंबते ती तुटली असतील, तर तीच बदलावीत. ती सर्वांत स्वस्त, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष केल्याने नळी हेलकावे खाऊन पुढचा जाळीदार लवचीक तुकडा फाटतो. तारेने बांधून घरापर्यंत यावे, पण तार कायमची ठेवू नये; ती धक्के तसेच पुढे पोहोचविते. लहान भोकावर बाजारात मिळणारा उष्णतेने कडक होणारा लेप व पट्टी मिळते. गंज घासून काढल्याशिवाय ती धरत नाही, आणि धरली तरी थोड्या दिवसांची सोय आहे असेच समजावे.

वेल्डिंग स्वस्त पडते, परंतु भोकाच्या चहूंकडे पत्रा जाड व निरोगी असेल तरच. कुजक्या पत्र्यावर ठिगळ लावले की ठिगळ राहते व शेजारी नवे भोक पडते. जुन्या धोतरास नवे ठिगळ लावल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना अधिक सांगणे नको. ठिगळासाठी जस्त चढविलेला पत्रा वापरू देऊ नये, कारण त्याचा धूर वेल्डरला बाधतो. काम सुरू होण्यापूर्वी बॅटरीचे कनेक्शन सोडण्यास सांगावे, नाहीतर नळी वाचेल व गाडीचा कॉम्प्युटर जाईल.

नळीचा एखादाच भाग गेला असेल, तर तेवढाच कापून त्याच व्यासाची नवी नळी जोडता येते, आणि आमच्या मते मध्यम वयाच्या गाडीस हाच मार्ग बहुधा योग्य ठरतो. मागील डबा गेला असेल, तर एकटा डबाही मिळतो. साधा पोलादी डबा स्वस्त, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला त्याहून टिकाऊ, व स्टेनलेसचा सर्वांत महाग. गाडी वर्षभरात विकावयाची असेल तर साध्यावर भागते. दहा वर्षे ठेवावयाची असेल तर महाग माल शेवटी स्वस्त पडतो.

एक सल्ला मात्र कोणी दिला तरी ऐकू नये. "कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकतो, निम्म्याहून कमी खर्चात काम होईल," असे काही ठिकाणी सांगतात. अशा गाडीचा धूर पीयूसी तपासणीत अडकतो, आणि वायुप्रदूषणाचे नियम मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय काढलेला कन्व्हर्टर कोठे जातो, हे विचारणारा ग्राहक विरळाच. त्यातील धातूंमुळे भंगारवाला त्याला चांगला भाव देतो. कन्व्हर्टर खरोखरच बदलावा लागला, तर जुना नग परत मागावा, किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून घ्यावी. बिलात कोणता भाग, कोणत्या कंपनीचा, मजुरी किती, हे वेगवेगळे लिहून घेण्यात संकोच कसला? आपल्या दुकानात आपणही तसेच लिहून देतो.

आमच्या गाडीस अखेर दीड फूट नळी, पुढचे एक गास्केट, दोन रबरे व तळाचे एक बूच लागले. गास्केटचे गंजलेले नट आदल्या रात्री तेल सोडून ठेवल्यामुळे न मोडता निघाले. वर्कशॉपने सांगितलेल्या रकमेच्या सहाव्या हिश्श्यात सर्व उरकले, व दिवाही पुन्हा लागला नाही. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मिस्त्रींनी इंजिन थंड असताना सुरू करून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून दाखविले. कोठेही बुडबुडा आला नाही, तेव्हा आम्ही पैसे दिले.