कापरेकर मास्तरांचा खेळ

काका : नेहा, तू गणित शिकवतेस म्हणून विचारतो. डॉक्टर म्हणाले, डोकं चालतं ठेवा. म्हणून मी रोज पेपरातलं सुडोकू सोडवतो. चहा संपायच्या आत सुटतंही. त्याने म्हातारपणी स्मरणशक्ती शाबूत राहील का गं?

नेहा : तशी खात्री कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका, काका. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात पंचाहत्तरी उलटलेल्या ४६९ लोकांची काही वर्षं पाहणी केली होती. ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. जे वाचत होते, पटावरचे खेळ खेळत होते, वाद्य वाजवत किंवा नाचत होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंश कमी आढळला.

काका : म्हणजे उपयोग होतो की!

नेहा : होतही असेल. पण मेंदू थकायला लागलेला माणूस आपणहून पटावरून उठत असेल, तर? खेळ सुटला म्हणून आजार आला, की आजार येत होता म्हणून खेळ सुटला, हे नुसत्या पाहणीतून पक्कं कळत नाही. अमेरिकेतच दुसऱ्या एका प्रयोगात २८०० हून जास्त ज्येष्ठांना वेगवेगळा सराव दिला होता. ज्याला ज्याचा सराव दिला, त्याची मुख्यतः त्यातच प्रगती झाली.

काका : मग सुडोकू सोडवून मी सुडोकूतच तरबेज होणार.

नेहा : ते तर तुम्ही झालाच आहात. चहा संपायच्या आत सुटतं, म्हणजे आता हात सवयीनेच चालतोय. कुठेतरी अडायला हवं. बरं, हे कोडं पहिल्यांदा कुणी रचलं, माहीत आहे?

काका : कुणीतरी जपानी असणार.

नेहा : नाव जपानी आहे. कोडं १९७९ मध्ये अमेरिकेत छापलं गेलं आणि ते हॉवर्ड गार्न्स यांचं, असं मानतात. ते निवृत्त आर्किटेक्ट होते. तेव्हा त्यांचं वय होतं ७४.

काका : चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवीन कोडं!

नेहा : आणि त्यांच्याच जन्मसालातले, १९०५ चे, आपल्या देवळालीचे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९३० ते १९६२ शाळेत शिकवलं. ना मोठी पदवी, ना विद्यापीठात जागा. अनेक गणितज्ञांना त्यांचं काम पोरखेळ वाटायचं. पण मास्तर आयुष्यभर आकड्यांशी खेळत राहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

काका : पण तो गणितातला माणूस. आपल्याला काय झेपणार?

नेहा : वजाबाकी येते ना? मग त्यांचाच एक खेळ करून पाहा. तुमचं जन्मसाल घ्या, १९५६. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करा.

काका : थांब, पेन घेतो. ९६५१ वजा १५६९... ८०८२.

नेहा : आता त्याच्यावर तेच.

काका : ८८२० वजा ०२८८. ८५३२. पुन्हा? ८५३२ वजा २३५८... ६१७४.

नेहा : अजून एकदा.

काका : ७६४१ वजा १४६७. अरे, परत ६१७४च!

नेहा : चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच येते.

काका : पण का?

नेहा : या ‘पण का’साठीच तर खेळायचं! पहिल्या वजाबाकीचं उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. एक, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला. दुसरा, उरलेल्या दोन अंकांतला. त्यामुळे हजारो संख्या पहिल्याच फेरीत अवघ्या ५४ उत्तरांत गोळा होतात. पुढची वाट त्या ५४ मधूनच जाते.

काका : एवढं मला शाळेत कुणी दाखवलं असतं तर! आता सुडोकू बंद करू का?

नेहा : आवडतं तर सोडवा. पण त्याच्या जोडीला, जे जमत नाही असं काहीतरी घ्या. बुद्धिबळ येत नसेल तर नातवाकडून शिका. त्याच्यासाठी स्वतः एक शब्दकोडं रचा. आडव्या-उभ्या शब्दांचा मेळ घालताना कस लागतो. आणि माणसांबरोबर खेळा. मेंढीकोटात चौघं बसली की कुणाचा हुकूम संपला, कुठली मेंढी अजून बाहेर यायचीय, हे लक्षात ठेवावं लागतं, शिवाय भिडूच्या मनातलं ओळखावं लागतं. एकट्याने पेपर पुढ्यात घेऊन बसण्यात हे मिळत नाही. आजार टळेल म्हणून गोळीसारखा खेळ घेतला तर आठवड्यात कंटाळाल. मजा येतेय म्हणून खेळलात तर वर्षानुवर्षं खेळाल.

काका : बरं, त्या वजाबाकीच्या खेळात तीन अंकी संख्या घेतली तर?

नेहा : तीही थांबते, ४९५ वर. दोन अंकी मात्र एका जागी थांबत नाही. ती कुठून कुठे जाते, ते आज संध्याकाळी नातवाला शेजारी बसवून तुम्ही दोघं शोधा.