कोपरापासून करंगळीपर्यंत

मुलांनो, टेबलाच्या कडेला कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना? तिथे कातडीखालून एक मज्जातंतू जातो. बोलताना आपण त्याला नस म्हणतो. बोटे पसरायची किंवा चिमटीत किल्ली धरायची, तर पंजातल्या स्नायूंना हुकूम त्याच्याकडूनच जातो.

हा मज्जातंतू कोपरापाशी तुटला तर? शिवल्यावर तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. मोठ्या माणसाच्या कोपरापासून पंजापर्यंत ३०० मिलिमीटर धरा. किती दिवस लागतील? तोवर स्नायू वाळत जातात आणि वर्ष-दीड वर्षानंतर सहसा पुन्हा काम करत नाहीत. म्हणून डॉक्टर मनगटाजवळ शेजारच्या मज्जातंतूचा एक फाटा कापून याला जोडतात. तो फाटा तळहात पालथा करणाऱ्या स्नायूचा असतो. ते काम दुसराही स्नायू करतो, म्हणून तो देता येतो.

आम्हा इंजिनियरांना वाटले, नकाशा पाहायचा आणि तार जोडायची! पण साधारण पाच-सहा माणसांत एकाच्या कोपराखाली या दोन मज्जातंतूंमध्ये जादा जोडणी असते. स्वीडनच्या मार्टिन यांनी १७६३ साली आणि पुढे ग्रूबर यांनी १८७० साली तिचे वर्णन केले. ती लक्षात आली नाही तर दुखापतीचा अंदाज चुकतो, किंवा चालू असलेला धागाच कापला जातो. म्हणून कापण्याआधी डॉक्टर सौम्य वीज देऊन कोणता स्नायू हलतो ते पाहतात.

ख्राइस्टचर्चमध्येच, हॉर्नबीपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, बरवुड रुग्णालय आहे. मणक्याच्या दुखापतीने हात लुळे पडलेल्यांना पकड परत मिळवून देणाऱ्या शस्त्रक्रिया तिथे १९८० च्या दशकापासून होत आल्या आहेत.

करून पाहा : अंगठा करंगळीला टेकवा आणि मनगट थोडे आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी कंडरा वर येते. वर्गात एकीला ती दिसेना. ती रडवेली होऊन म्हणाली, "माझा हात बिघडलाय का?" मुळीच नाही! अनेकांना ती जन्मतःच नसते आणि काही अडत नाही. पुस्तकातले चित्र बहुतेकांचे असते, प्रत्येकाचे नसते.

शब्दार्थ : कंडरा – स्नायू हाडाला जोडणारा दोर. फाटा – शाखा.

घरचा अभ्यास : घरातल्या सर्वांची मनगटे तपासा. कंडरा किती हातांना दिसली, ते पाच वाक्यांत लिहून आणा. आईबाबांनी फक्त शुद्धलेखन पाहावे!